वारस खरे, पण नेमके कोणाचे?

वाचकांचे प्रश्न : वारसा, निधी आणि कागदपत्रे

प्रश्न : माझे वडील कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका सूतगिरणीत 1981 पासून कामाला होते. 2003 मध्ये गिरणी बंद पडली. त्यानंतर त्यांनी दुसरीकडे नोकरी केली नाही, घरची दीड एकर जमीन पाहिली. नोव्हेंबर 2011 मध्ये, वयाच्या 54 व्या वर्षी, ते वारले. तेव्हा माझे वय 26 होते, ताईचे लग्न झालेले होते आणि धाकटा भाऊ 16 वर्षांचा होता. आई 2021 मध्ये गेली. गेल्या दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा आईच्या लुगड्यांखाली वडिलांच्या फंडाची 1998-99 ची पिवळी पडलेली स्लिप सापडली. तिच्यावर नाव ‘बाळू’ आहे. मृत्यूच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब’ आहे. चुलते म्हणतात की, वडिलांनी नोकरीला लागताना वारस म्हणून त्यांचे नाव लावले होते, त्यामुळे पैसे त्यांना मिळतील. एक एजंट रकमेच्या वीस टक्के मागतो आणि वडिलांचा वारस दाखला कोर्टातून आणा म्हणतो. तलाठ्याकडची वारस नोंद आमच्याकडे आहे. ताईने 2015 मध्ये हक्कसोडपत्र करून दिले आहे. आम्ही दोघे भाऊच वारस धरायचे का? शिवाय स्लिपवर मालकाचा वाटा वडिलांच्या वाट्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. यात गिरणीने पैसे खाल्ले असतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात पाच-सहा प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे असल्याने ते आधी देतो. मालकाचा वाटा कमी दिसतो याचा अर्थ पैसे खाल्ले असा नाही. 16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि तेव्हापासून मालकाच्या वाट्यातील पगाराच्या 8.33 टक्के इतकी रक्कम, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, निवृत्तिवेतनाच्या वेगळ्या खात्यात जाते. सभासदाच्या पगारातून 12 टक्के कापले जात असतील, तर मालकाचे उरलेले 3.67 टक्केच फंडाच्या स्लिपवर दिसतात. आपण लिहिलेले प्रमाण या हिशेबाशी जुळते. हे 8.33 टक्के लक्षात ठेवावेत, कारण आपल्या प्रकरणात पुढे तेच कदाचित फंडापेक्षा महत्त्वाचे ठरतील.

आता मुख्य गोष्ट. फंडाच्या पैशाला आपण सातबाऱ्याचे नियम लावत आहात आणि आपला सगळा गोंधळ तिथून सुरू झाला आहे. वडिलांच्या शेतजमिनीत मुलगे, मुलगी आणि पत्नी यांचे हक्क हिंदू वारसा कायद्याने ठरतात. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम कोणाला द्यायची हे मात्र आधी 1952 च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेतील परिच्छेद 61 आणि 70 यांवरून ठरते. परिच्छेद 61 नामनिर्देशनाविषयी, म्हणजे आपण ज्याला वारस लावणे म्हणतो त्याविषयी आहे. परिच्छेद 70 सभासदाच्या मृत्यूनंतर रक्कम कोणाला देय होते याविषयी आहे.

चुलत्यांचा दावा परिच्छेद 61 वर येऊन संपतो. वडील 1981 मध्ये कामाला लागले तेव्हा अविवाहित असतील, तर त्यांना कोणाचेही नाव लावता येत होते आणि थोरल्या भावाचे लावले असेल तर त्यात वावगे काहीच नव्हते. परंतु सभासदाचे लग्न होऊन त्याला कुटुंब प्राप्त झाले की, कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीच्या नावे आधी केलेले नामनिर्देशन आपोआप अवैध ठरते आणि त्याने नव्याने ते करणे अपेक्षित असते. या योजनेच्या व्याख्येत पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील हे कुटुंब आहे. भाऊ त्यात येत नाही. चुलते खोटे बोलत आहेत असे मुळीच नाही. त्यांचे नाव त्या जुन्या अर्जावर आजही असेल, पण वडिलांच्या लग्नाच्या दिवशीच त्या नावातला अर्थ गेला. हे त्यांना भांडणाच्या सुरात न सांगता कागद दाखवून सांगावे. पुढे नाव जुळवण्याच्या कामी गिरणीतल्या दिवसांचे साक्षीदार म्हणून त्यांचीच मदत लागू शकते. वडिलांनी लग्नानंतर आईच्या नावे नवा अर्ज भरला होता का, हे कार्यालयाच्या नोंदीवरूनच कळेल. भरला असेल तर सगळी रक्कम आईला देय होती असे धरून पुढचा विचार करावा लागेल. भरला नसेल तर परिच्छेद 70 लागतो.

हा परिच्छेद वाचून अनेक कुटुंबे चकित होतात. वैध नामनिर्देशन नसेल तर रक्कम कुटुंबातील व्यक्तींना समान वाट्याने द्यायची, असे तो आधी सांगतो. आणि लगेच पुढे म्हणतो की, सज्ञान मुलगे आणि ज्यांचे पती हयात आहेत अशा विवाहित मुली यांना वाटा मिळणार नाही, जर त्यांच्याखेरीज कुटुंबात दुसरे कोणी असेल तर. ‘दुसरे कोणी’ म्हणजे पत्नी, अज्ञान मुले, अविवाहित मुली, अवलंबून असलेले आईवडील. आणि ही स्थिती पाहायची ती सभासदाच्या मृत्यूच्या दिवशीची. आज अर्ज करतानाची नव्हे.

तो नोव्हेंबर 2011 चा दिवस डोळ्यांसमोर आणा. आपण सज्ञान होता, म्हणून बाजूला. ताई विवाहित आणि दाजी हयात असे आपल्या पत्रावरून धरतो, म्हणून तीही बाजूला. राहिली आई आणि राहिला 16 वर्षांचा धाकटा भाऊ. म्हणजे निम्मी रक्कम आईला आणि निम्मी धाकट्याला देय झाली. आई ती न घेताच 2021 मध्ये गेली. तेव्हा तिला येणे असलेली ती निम्मी रक्कम तिच्या वारसांकडे, म्हणजे आपण तिघा भावंडांकडे समान वाट्याने येते. समजा खात्यात 1,20,000 रुपये निघाले, तर धाकट्याचे स्वतःचे 60,000 आणि आईच्या वाट्यातून आलेले 20,000 मिळून 80,000 होतात. आपले 20,000 आणि ताईचे 20,000. आपण ‘दोघे भाऊच’ असे लिहिलेत, त्या जागी हा हिशेब आहे. तो तुमच्या घरी गोड लागेल असे मला वाटत नाही, पण योजनेचे शब्द असे आहेत. आजी किंवा आजोबा त्या दिवशी हयात होते का आणि वडिलांवर अवलंबून होते का, हे पत्रात नाही. असतील तर त्यांचाही समान वाटा निघतो आणि वरचे आकडे बदलतात.

यातूनच दाखल्याचा प्रश्न सुटतो, आणि एजंट नेमका इथे चुकला आहे. वडिलांचे वारस आपण आहात हे न्यायालयातून सिद्ध करून आणण्याची मुळात किती गरज आहे? धाकटा भाऊ आपला निम्मा वाटा वडिलांचा वारस म्हणून नव्हे, तर योजनेनुसार कुटुंबातील व्यक्ती म्हणून मागतो. त्यासाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला, त्याच्या जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि कुटुंबातील व्यक्तींची साक्षांकित यादी हे मुख्य कागद आहेत. न्यायालयाच्या दाखल्याचा प्रश्न येतो तो आईच्या निम्म्या वाट्यासाठी, आणि तिथे मृत व्यक्ती म्हणून वडिलांचे नव्हे, आईचे नाव घालावे लागते. वडिलांच्या नावाचा दाखला काढण्यात वर्ष घालवून, नंतर ‘आईचा आणा’ असे ऐकण्याची पाळी येऊ नये, म्हणून अर्ज करण्याआधी निधी कार्यालयाकडून कोणाच्या वारसाहक्काचा, कोणत्या रकमेपुरता आणि कोणत्या प्रकारचा दाखला लागेल, हे लेखी घ्यावे.

प्रकार म्हणण्याचे कारण असे की, आपल्याकडे ‘वारस दाखला’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळे कागद फिरतात. तलाठ्याकडील गाव नमुना 6-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. तिचे काम जमिनीच्या फेरफारापुरते आहे. फंडाच्या कार्यालयात ती फार तर कुटुंबात कोण कोण होते याचा पूरक पुरावा म्हणून जोडता येईल. दुसरा, 1827 च्या मुंबई विनियम 8 खालील वारस दाखला, जो दिवाणी न्यायालय देते आणि जो कोण वारस आहे हे सामान्यपणे मान्य करतो. तिसरा, भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 च्या कलम 372 खाली अर्ज करून मिळणारा उत्तराधिकार प्रमाणपत्राचा कागद. कोणाकडून तरी येणे असलेली रक्कम वसूल करायची असेल तर हा तिसरा उपयोगाचा, कारण त्याच्या आधारे पैसे देणारा आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो. आई अखेरपर्यंत सांगलीतच राहत असेल तर अर्ज सांगलीच्या न्यायालयात करता येतो. तिन्ही भावंडांत वाद नसेल तर एकाने अर्जदार व्हावे, इतर दोघांनी लेखी संमती द्यावी. न्यायालय नोटीस काढते, हरकतीसाठी मुदत देते आणि कोणी आडवे आले नाही तर प्रकरण सरळ जाते.

यात एक चमत्कारिक अडचण येते. उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या अर्जात येणे रक्कम नमूद करावी लागते आणि न्यायालयाचे शुल्कही तिच्यावर ठरते. पण रक्कम किती हे कार्यालयाला विचारावे, तर ‘आधी दाखला दाखवा’ असे उत्तर येऊ शकते. म्हणून पहिला अर्ज पैशाचा दावा म्हणून करूच नये. खाते क्रमांक, वडिलांचा आणि आईचा मृत्यूचा दाखला, नाते दाखवणारे कागद आणि ‘उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी न्यायालयात रक्कम नमूद करणे आवश्यक असल्याने शिल्लक व नामनिर्देशनाची स्थिती कळवावी’ अशी नेमकी मागणी, एवढेच त्यात असावे. पुढे आणखी काही रक्कम निघाली तर त्याच अधिनियमाच्या कलम 376 खाली प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून घेता येते. नव्याने सगळे करावे लागत नाही.

हा अर्ज कुठे करायचा? सांगली जिल्ह्याचे काम कोल्हापूरच्या क्षेत्रीय कार्यालयातून चालते. दर महिन्याच्या 27 तारखेला निधी कार्यालयातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ नावाचा मेळावा भरतो. तिथे मूळ स्लिप नव्हे, तिच्या दोन झेरॉक्स घेऊन जावे. स्लिपवरील खाते क्रमांक तीन भागांत वाचतात : राज्याची अक्षरे, मग गिरणीचा संकेतांक आणि शेवटी वडिलांचा सभासद क्रमांक. मधला संकेतांक हाती असेल तर गिरणीचे फाटक केव्हाच गंजून गेले असले तरी नोंद शोधता येते. आजच्या बारा अंकी यूएएन क्रमांकाची, म्हणजे नोकरी बदलली तरी सभासदाच्या नावे कायम राहणाऱ्या क्रमांकाची, पद्धत 2014 मध्ये आली. वडिलांनी 2003 मध्येच काम सोडल्याने त्यांना तो नसणार, म्हणून मोबाइलवर खाते दिसत नाही याने निराश होऊ नये. स्लिपवर निधी कार्यालयाऐवजी गिरणीच्या स्वतःच्या विश्वस्त मंडळाचे नाव असेल तर मात्र कळवा. काही गिरण्यांचा फंड अशा मंडळाकडे असे आणि त्याचा माग वेगळ्या वाटेने काढावा लागतो.

नावातील फरकाचा आपण जेवढा धसका घेतला आहे तेवढा घेऊ नये. गिरणीच्या हजेरीपटावर बाळू आणि सातबाऱ्यावर बाळासाहेब ही आपल्या भागात रोजची गोष्ट आहे. मृत व्यक्तीचे नाव आता बदलून घेता येत नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, एवढेच दाखवायचे असते. ‘बाळू’ हे नाव, वडिलांच्या वडिलांचे नाव आणि जन्मतारीख किंवा पत्ता या तिन्ही गोष्टी एकत्र आलेला गिरणीच्या काळातला एखादा कागद शोधा : गेटपास, पगारपत्रक, कामगार राज्य विमा कार्ड, युनियनची पावती, पतसंस्थेचे पासबुक. तीच ट्रंक पुन्हा एकदा तळापर्यंत काढा. असा एक कागद आणि त्याला जोडून तिघा भावंडांचे प्रतिज्ञापत्र, हे केवळ प्रतिज्ञापत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा वजनदार ठरते.

प्रत्यक्ष दाव्यासाठी मृत्यूच्या प्रकरणातील एकत्रित दावा अर्ज वापरतात. पूर्वीचे फंडाचा नमुना 20, निवृत्तिवेतनाचा 10-ड आणि फंडाशी जोडलेल्या विम्याचा 5-आयएफ हे तिन्ही 2017 पासून त्यात सामावले आहेत. अर्जावर मालकाची सही लागते, आणि गिरणीच नाही तर सही कोणाची, हा प्रश्न पडेल. बंद आस्थापनांसाठी राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, पोस्टमास्तर, आमदार-खासदार, सरपंच किंवा ज्या बँकेत आपले खाते आहे तिचे व्यवस्थापक यांच्यापैकी एकाची साक्षांकनाची सही चालते. माझा कल बँकेच्या व्यवस्थापकाकडे आहे, कारण पैसे त्याच खात्यात यायचे असतात आणि ओळखीचे कागद त्यांच्याकडे आधीच असतात. अर्जाला कार्यालयात कसलेही शुल्क नाही. तेव्हा त्या वीस टक्क्यांचे काय करायचे ते आपण ठरवालच.

ताईच्या हक्कसोडपत्राबद्दल : ते आपण पाठवलेले नाही, पण 2015 मध्ये जमिनीच्या गटापुरते केलेले हक्कसोडपत्र असेल आणि त्यात फंडाचा उल्लेख नसेल, तर आईच्या वाट्यातील तिचा हिस्सा त्याने जात नाही. शिवाय 2015 मध्ये आई हयात होती. आईकडून पुढे येणारा हक्क तेव्हा ताईकडे आलेलाच नव्हता, तर ती तो सोडणार कशी?

आता एक नावडती शक्यता. गिरणी बंद पडल्यावर देणी फेडण्यासाठी अनेक कामगारांनी फंड काढून घेतला. 1998-99 ची स्लिप त्या वर्षाअखेरची शिल्लक सांगते, आजची नव्हे. वडिलांचे 2003 ते 2005 चे बँकेचे पासबुक मिळाले तर एखादी मोठी जमा रक्कम दिसते का ते पाहावे. रक्कम खात्यात असेल तर मुद्दल बुडत नाही; व्याज मात्र आजपर्यंतचे मिळेल असे धरून चालू नये, कारण निष्क्रिय ठरलेल्या खात्यांवर व्याज देणे 1 एप्रिल 2011 पासून थांबले होते, 2016 मध्ये ते नियम बदलले, आणि आजही देय झालेली रक्कम 36 महिन्यांत मागितली नाही तर खाते निष्क्रिय होते.

पण फंड काढलेला निघाला तरी फाइल बंद करू नका. इथे ते 8.33 टक्के येतात. 1981 ते 2003 अशी वडिलांची सेवा दहा वर्षांहून खूप अधिक होती, आणि दहा वर्षांची पात्र सेवा झालेल्या सभासदाला निवृत्तिवेतन योजनेतील पैसे एकरकमी काढता येत नाहीत. त्याचा हक्क 58 व्या वर्षापर्यंत जिवंत राहतो. वडील 54 व्या वर्षी गेले, म्हणून आईला दुसऱ्या दिवसापासून विधवा निवृत्तिवेतन आणि धाकट्या भावाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत, विधवा निवृत्तिवेतनाच्या 25 टक्के इतके, मुलाचे निवृत्तिवेतन देय होते. विधवा निवृत्तिवेतनाची किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून दरमहा 1,000 रुपये आहे. धाकट्याने आपल्या थकबाकीची मागणी स्वतःच्या नावाने त्याच एकत्रित अर्जात करावी. आईच्या हयातीतील थकबाकीची मागणी तिघांनी स्वतंत्र पत्राने नोंदवावी आणि उत्तर लेखी मागावे. विम्याची रक्कम मात्र नोकरीत असताना मृत्यू झाला तरच असते, त्यामुळे अर्जातील तो भाग रिकामा सोडावा.

प्रश्न : माझे वडील 2006 मध्ये एका कारखान्यात नोकरीत असताना वारले, मी तेव्हा सात वर्षांचा होतो. 2009 मध्ये आईने दुसरे लग्न केले आणि मी आजोळी वाढलो. वडिलांचा फंड कोणीच काढलेला नाही. लग्न केल्यामुळे आईचा हक्क गेला असे काका म्हणतात. खरे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : फंडाबाबत खरे नाही. वरील उत्तरात म्हटल्याप्रमाणे मृत्यूच्या दिवशीची स्थिती पाहायची असते आणि 2006 मध्ये आपली आई त्यांची पत्नी होती. वैध नामनिर्देशन नसेल आणि आजी-आजोबा वडिलांवर अवलंबून नसतील, तर निम्मी रक्कम आईची आणि निम्मी आपली. आई हयात असल्याने तिचा वाटा तिनेच मागायचा आहे. आपण दोघांनी एकाच वेळी अर्ज केल्यास न्यायालयाच्या दाखल्यावाचून काम होण्याची शक्यता अधिक.

निवृत्तिवेतनाचे वेगळे आहे. विधवा निवृत्तिवेतन पुनर्विवाहाबरोबर थांबते. ते थांबले की मुलाला अनाथ निवृत्तिवेतन देय होते, म्हणजे विधवा निवृत्तिवेतनाच्या 25 टक्क्यांऐवजी 75 टक्के, वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत. म्हणून 2006 ते 2009 हा एक टप्पा आणि 2009 नंतरचा दुसरा, अशी मागणी अर्जासोबतच्या पत्रात तारखांसह वेगवेगळी मांडा. त्यासाठी आईच्या दुसऱ्या विवाहाच्या नोंदीचा दाखला लागेल. तो लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण आपला वाढीव हक्क त्याच कागदावर उभा आहे. वडील नोकरीत असताना गेले, त्यामुळे विम्याचा भागही अर्जात भरावा.